ऑक्टोबरमधला ओला आवाज

ऑक्टोबर लागला की कांजूरला वारा फिरतो. चार महिने समुद्राकडून येणारा ओला वारा एक दिवस थकून थांबतो आणि सकाळी सकाळी खाडीच्या बाजूने यायला लागतो. येताना कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडचा वास घेऊन येतो. गल्लीतल्या बायका खिडक्या लावून घेतात, चहावाला टपरीवर उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवतो, आणि मी शेडचं शटर वर करून स्वतःशीच म्हणतो, चला, सीझन आला. लोकांचा सीझन म्हणजे आंबे, नाहीतर लग्नं. माझा असा नाक दाबून येतो.

पावसाळाभर कव्हराखाली पडलेल्या गाड्या या दिवसांत बाहेर निघतात. सीटवरची बुरशी पुसली जाते, दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ पडते आणि मग हौशी माणसं आपापल्या गाड्या घेऊन माझ्याकडे येतात. मी गाडीच्या कॉम्प्युटरची चिप ट्यून करतो. नातेवाइकांना हे कधी कळलं नाही. आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, ‘आमचो नंदू गाड्यांचे टीव्ही दुरुस्त करता.’ मीही तिचं ते वाक्य कधी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

सांगायला अवघड असं काही नाही. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा असतो, कॅमशाफ्ट. त्याच्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे झडपा दाबतात, झडपा उघडतात, हवा-पेट्रोल आत येतं, धूर बाहेर जातो. हौशी माणसं हा दांडा काढून मोठ्या उंचवट्यांचा बसवतात, म्हणजे झडपा जास्त वेळ उघड्या राहतात आणि वेगात गाडी सुसाट सुटते. पण कंपनीने चिपमध्ये जे शिकवलेलं असतं ते जुन्या दांड्यासाठी. नवा दांडा तिला परका. मग लॅपटॉप जोडून तिला पुन्हा सगळं शिकवावं लागतं, किती फेऱ्यांना किती पेट्रोल, ठिणगी कधी. पाढ्यांच्या तक्त्यासारखा एक तक्ता असतो, त्यातला एकेक चौकोन भरायचा. तेच माझं काम.

हे काम खरं म्हणजे दोघांचं आहे. एकानं चालवायची, दुसऱ्यानं लॅपटॉपवर बघायचं. गेली सात वर्षं मी ते एकटा करतो. लॅपटॉप आणि हत्यारांची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवतो, थोडी चालवतो, बाजूला थांबवतो, वाचतो, आकडे बदलतो, परत चालवतो. गंमत अशी की पिशवीच्या वजनानं नव्या गाड्यांना वाटतं, कोणीतरी बसलंय. पट्टा लावला नाही म्हणून त्या कोकलायला लागतात. मग मी वाकून लॅपटॉपला पट्टा लावतो. पहिल्यांदा लावला तेव्हा हसू आलं होतं. हल्ली येत नाही.

त्या सीटवर मी बसायचो. चालवायचा मोरू.

मोरू माहुलचा. कोळी. घरात होड्या, आई चेंबूरच्या बाजारात मासळी विकणारी, आणि हा मात्र लहानपणापासून इंजिनांच्या मागे. मुलुंडच्या एका गॅरेजमध्ये आम्ही दोघं कामाला होतो, तिथे गट्टी जमली आणि पुढे कांजूरची शेड आम्ही मिळून घेतली. तो खोलायचा, बसवायचा. मी लॅपटॉप. त्याचा कान असा की लांब पान्याचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून, डोळे मिटून सांगायचा, ‘तिसरी झडप टाइट हाय.’ खोलून बघितलं की तिसरीच असायची. मला त्याचं कौतुक होतं. आणि आज कबूल करतो, थोडी जळजळही होती. मी कोर्स केलेला माणूस. त्याच्याकडे नुसता कान.

सात वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही पहिल्यांदा कॅम बसवायचं ठरवलं. दोन-तीन गिऱ्हाइकं मागे लागली होती. पण मोरूचा एक नियम होता, पहिला प्रयोग गिऱ्हाइकाच्या गाडीवर नाही. ‘बुडाली तर आपली होडी बुडू दे,’ म्हणायचा. मग आपली म्हणजे कुठली, तर त्याची जुनी लाल हॅचबॅक. त्या गाडीतून तो रोज सकाळी आईच्या पाट्या बाजारात सोडायचा. मागची सीट काढलेली, खाली प्लास्टिक अंथरलेलं, आणि कितीही धुतली तरी सुक्या बोंबलाचा वास. रेसचा कॅमशाफ्ट बसलेली, पापलेटं वाहणारी गाडी मुंबईत तेवढी एकच असेल.

तो दांडा त्यानं असले दांडे घासून देणाऱ्या एका कारागिराकडून आणला. बसवला तो दिवस आठवतो. दुपारचे दोन, पत्र्याची शेड, पंख्याचा वारासुद्धा गरम, आमच्या दोघांच्या बनियनचा रंग एकच झालेला. मोरूनं दांडा फिरवणाऱ्या दातेरी बेल्टचा एकेक दात बोटानं मोजून खुणा जुळवल्या. मग चावी फिरवली आणि गाडी जागेवर उभी राहून हेलकावे खायला लागली. डुग… डुगडुग… डुग. सगळ्या रेसच्या गाड्या अशाच बोलतात. मोरू हसत होता. ऑइलनं माखलेल्या तोंडात दात तेवढे पांढरे.

संध्याकाळी गाडी माहुलला नेली तर त्याची आई ओट्यावर मासे साफ करत होती. न बघता म्हणाली, ‘आयली होरी?’ होरी म्हणजे होडी. ‘तुझी गारी होरीवानी वाजतंय रं मोरू. बरं झालं. लांबून कळंल, पोर आला.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बाला, तू जेवून जा.’ मी जेवून गेलो. ती नेहमी म्हणायची आणि मी नेहमी जेवून जायचो.

ट्यूनिंगला आम्ही रविवारी सकाळी जायचो, माहुलच्या रिफायनऱ्यांच्या बाजूच्या रस्त्यावर. रविवारी तिथे टँकर ओळीनं झोपलेले असायचे आणि रस्ता मोकळा. हवेत तेलाचा वास, धुराड्यांच्या टोकाला ज्योत, आणि ऑक्टोबरचं ते सकाळी आठलाच डोक्यावर बसणारं ऊन. मोरू चालवायचा, मी मांडीवरच्या लॅपटॉपवर बघायचो. ‘दाब,’ मी म्हणायचो. तो दाबायचा. ‘सोड.’ तो सोडायचा. तासभर आम्ही एवढे दोनच शब्द बोलायचो. माझ्या आयुष्यात कुणाशी त्याहून जास्त गप्पा झाल्या असतील असं मला वाटत नाही.

वेगातला सगळा तक्ता दोन रविवारात जमला. अडलं ते स्लोवर. गाडी उभी, इंजिन नुसतं चालू, तेव्हा सायलेन्सरमधला सेन्सर सांगत होता, हवा जास्त, पेट्रोल कमी. एका भाग पेट्रोलला हवेचे किती भाग, तो आकडा चौदा-पंधराच्या घरात लागतो, इथे सतरा. मी पेट्रोल वाढवलं. आकडा थोडा उतरला. आणखी वाढवलं.

मोरू बॉनेटवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, ‘नंदू, बस कर. आवाज ओला येतंय.’

‘ओला म्हणजे?’

‘ओला म्हणजे ओला. गुदमरतंय ते. पेट्रोल कमी कर.’

‘सेन्सर उलटं सांगतोय. आणखी हवंय त्याला.’

‘सेन्सरला नाक हाय. कान नाय.’

मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण नंतर ते मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. म्हणालो, ‘कानावर गाड्या चालल्या असत्या ना, तर सगळे मेकॅनिक गवई झाले असते.’ तो हसला. त्याला लागलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. मी आकडा पंधरावर आणला, तक्ता चिपमध्ये भरला आणि त्याला कुलूप घातलं. आमच्या धंद्यात ती पद्धत आहे. आपण भरलेला तक्ता दुसऱ्यानं उघडून चोरू नये म्हणून पासवर्ड टाकायचा. मग दुसऱ्याला आतलं काही बदलता येत नाही, अख्खं पुसून पहिल्यापासून करावं लागतं. मित्राच्या गाडीला कुलूप कशाला? सवय, दुसरं काय. आणि थोडी ऐट.

नवरात्र संपलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मासळीला कोण गिऱ्हाईक असतं हे माहुलवाल्यांना विचारा. नऊ दिवस उपास काढलेली माणसं सकाळी आठला बाजारात उभी असतात. त्या दिवशी मोरू आईला आणि चार भरलेल्या पाट्यांना घेऊन निघाला आणि चेंबूरच्या सिग्नलला गाडी बंद पडली. पुन्हा चालू होईना. ऊन वर आलं, बर्फ वितळला, रस्ताभर माशाचं पाणी. रिक्षावाले पाट्या घ्यायला तयार नाहीत. म्हातारी डोक्यावर एकेक पाटी घेऊन बाजारात पोचली तेव्हा गिऱ्हाईक उठून गेलं होतं.

दुपारी मोरू गाडी ओढून शेडमध्ये घेऊन आला. ठिणगीचे प्लग काढले तर चारही काळेकुट्ट, पेट्रोलनं ओले. शेडमध्ये तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती, कॅमसाठीच आलेली. मोरूनं ते माझ्यापुढे धरले.  गिऱ्हाइकांसमोर माझी इज्जत जाते की काय, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हणालो, ‘माझे आकडे बरोबर आहेत. तूच बेल्ट एक दात चुकवून बसवलास.’

मेकॅनिकला असं बोलू नये. चोर म्हणा, आळशी म्हणा, चालेल. ‘एक दात चुकलास’ म्हणजे हातच खोटे म्हटल्यासारखं.

मोरूनं त्या दोन गिऱ्हाइकांना उठवलं, गाडीजवळ उभं केलं. मग पुढचं सगळं खोललं. कव्हर, पुली, एकेक बोल्ट. पाऊण तास. घामाच्या धारा लागलेल्या. शेवटी बेल्ट उघडा पडला. खाली खूण, वर खूण, अगदी समोरासमोर. त्यानं बोट ठेवून ती मला दाखवली. मी बघितली. मग त्यानं सगळं पहिल्यासारखं बंद केलं, नवे प्लग टाकले, हात धुतले, आपला लांब पाना घेतला आणि गाडी चालू करून गेला. डुग… डुगडुग… वळणापर्यंत ऐकू येत होती.

मी थांबवलं नाही. म्हटलं, येईल दोन दिवसांत. आठ दिवस गेले, मग दिवाळी गेली. मी फोन केला नाही, कारण चूक माझी नव्हती ना. सेन्सर माझ्या बाजूनं होता. माझ्या आईच्या कानावर सगळं गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘तुका सगळा कळता मां? मगे बस एकटोच.’ बसलो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्यात म्हणतात. माझा बैल काही रिकामा राहिला नाही. धंदा चालला. कॅमच्या गाड्या मी हळूहळू घेणं सोडलं, बाकीचं काम भरपूर. कधी कोणी विचारायचं, ‘तुमचे ते पार्टनर?’ मी म्हणायचो, ‘त्याचं आता माहुललाच असतं.’ एक ऑक्टोबर गेला, दुसरा गेला, मग मोजायचं सोडलं. आई गेली तेव्हा मोरू स्मशानात आला होता. लांब उभा राहिला, जाताना खांद्यावर हात ठेवून गेला. तेव्हा बोलता आलं असतं. काय बोलायचं ते माझ्याकडे नव्हतं.

ते या ऑक्टोबरात सापडलं, आणि तेही गफलतीनं. एका गिऱ्हाइकाची गाडी होती, कॅम बसवलेली. जुनी ओळख म्हणून नाही म्हणता आलं नाही. सकाळी अकराची वेळ, शेडमध्ये मी एकटा. पुन्हा तेच, स्लोवर सेन्सर म्हणतोय पेट्रोल कमी, आकडा सतरा. मी वाढवायला कळ दाबून धरली, तेवढ्यात चहावाल्यानं बाहेरून हाक मारली म्हणून मान वळवली. आणि मागे गाडीचा आवाज बदलला. खुलला. घशातला कफ सुटावा तसा. मला वाटलं, वा, जमलं. वळून बघतो तर मी चुकीची कळ दाबली होती. पेट्रोल वाढलं नव्हतं, कमी झालं होतं. आकडा अठरावर.

मी चहा घेतला नाही. प्लग काढले, पुसले, परत बसवले, गाडी अर्धा तास तशीच चालू ठेवली, पुन्हा काढले. बिस्किटाच्या रंगाचे, कोरडे. मग तिथेच खाली बसलो आणि पहिल्यांदा डोकं चालवलं. मोठ्या उंचवट्यांमुळे गाडी उभी असताना क्षणभर हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, दोन्ही झडपा उघड्या असतात. थोडी ताजी हवा न जळता सरळ सायलेन्सरमध्ये पळते. सेन्सर बिचारा तीच हुंगतो आणि ओरडतो, हवा जास्त, हवा जास्त. इंजिनाच्या पोटात मात्र पेट्रोलचा पूर. सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्याच्यापर्यंत पोचत होतं ते तो सांगत होता. आणि मी माणसाचं ऐकायचं सोडून त्याचं ऐकत बसलो होतो.

मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस शेडमध्ये प्लग हातात घेऊन रडतोय. शटर अर्धं ओढून घेतलं.

तरी माहुलला जायला मला बारा दिवस लागले. रविवारी सकाळी गेलो, शेजारच्या सीटवर लॅपटॉप, पट्टा लावलेला. टँकर तसेच ओळीनं, रस्ता तसाच मोकळा. मोरू धक्क्याजवळ एका पत्र्याच्या छपराखाली होडीचं इंजिन खोलून बसला होता. केस पिकलेत. मला बघून म्हणाला, ‘बस,’ आणि हातातलं काम पुरं केलं. छपरामागे लाल हॅचबॅक उभी होती. रंग उडालेला, तीच.

मी येताना बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, ‘मोरू, दात बरोबर होता.’

‘मना म्हाईत हाय,’ तो म्हणाला.

‘आवाज ओलाच होता.’

त्यानं हात पुसून चावी काढून दिली. गाडी चालू झाली तर तोच आवाज, सात वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा गुदमरलेला. मी थक्क झालो. ‘तू हे बदललं नाहीस? अजून माझाच तक्ता आहे?’

‘कुलूप होतं ना तुझं.’

‘अरे, कुणीही पुसून नवीन टाकून दिला असता.’

‘बोलले ना दोघंतिघं. पुसायला लागंल बोलले.’ तो डॅशबोर्डवरची धूळ उगाच बोटानं पुसत होता. ‘म्हटलं, र्‍हाऊ दे. दर रविवारी प्लग काढतो, घासतो, लावतो. पंधरा मिनटांचं काम. नंदू येईल तवा तो काढील कुलूप.’

सात वर्षांचे रविवार. मी मान खाली घालून पासवर्ड टाकला. तो स्टिअरिंगवर, मी शेजारच्या सीटवर, लॅपटॉप मांडीवर. आकड्याकडे बघितलंच नाही. ‘सांग,’ म्हणालो. त्यानं डोळे मिटले. मी एकेक टिचकी पेट्रोल कमी करत गेलो. ‘अजून… अजून… थोडा… बस.’ गाडी मोकळी झाली. थोडा हेलकावा राहिला, गुदमरणं गेलं. मोरूनं डोळे उघडले नाहीत लगेच.

मी लॅपटॉप बंद करता करता म्हणालो, ‘कुलूप नाही टाकलं. आता कुणीही उघडू शकतं.’ मला वाटलं, मी काहीतरी मोठं देतोय.

मोरू समोर बघत म्हणाला, ‘म्हणजे तुझं यायचं काम संपलं.’

‘येईन ना रे.’

‘ये,’ तो म्हणाला. दोघांच्याही बोलण्यात तारीख नव्हती.

आईला घ्यायचं होतं त्याला. म्हातारी होड्यांवरून मासळी घेऊन नाक्यावर बसते, अजून बाजारात जाते. आम्ही निघालो. लांबून दिसली, पाटीशेजारी, डोक्यावर पदर, रस्त्याकडे पाठ. गाडी तिच्यामागे दहा पावलांवर जाऊन थांबली. ती उठली नाही. वळलीही नाही. इंजिन चालू होतं, आणि ती खाडीकडे बघत वाट बघत बसली होती. मोरूला हॉर्न वाजवावा लागला.

ती दचकून वळली. ‘आगं बाय, तूच हायस? मना वाटलं, परक्याची गारी.’ मग मी दिसलो. जवळ आली, ओल्या हातानं माझा गाल धरला. ‘कवा आयलास, बाला? किती वाळलास. जेवून जा.’ बोलली आणि मग तिच्या लक्षात आलं की तिला तर बाजाराला उशीर होतोय. ‘येशील तवा जेव,’ म्हणाली.

मी उतरलो. लॅपटॉप काखेत घेतला, पाट्या मागे चढवल्या. ती माझ्या जागेवर बसली. मोरूनं वाकून तिला पट्टा लावून दिला, मला हात केला आणि गाडी निघाली.

मी नाक्यावर उभा राहून ऐकत होतो. आता कुठे बरोबर वाजत होती. एक टँकर गेला, मागून दोन रिक्षा, कुणाची तरी बाइक, आणि त्या सगळ्यात ती कधी मिसळली ते मला कळलं नाही. जुना ओला आवाज असता तर मी तो पार चेंबूरपर्यंत ओळखला असता.